आत्याबाईंचे 33 फूट

रानडुक्कर बागेत येऊन गेलं की सकाळी जमीन नांगरल्यासारखी दिसते. बैलाने काढावं तसं सरळ तास नसतं, पण खोली तेवढीच. महाशिवरात्रीला चार दिवस राहिले होते. उपासापुरती रताळी निघतील म्हणून मी वेलांना हात लावला नव्हता. पहाटे मागचं दार उघडलं तर वेल उलटे पडलेले, माती ओली आणि वर आलेली, एकसुद्धा रताळं शिल्लक नाही. शेजारी लसणाचा वाफा होता. त्याला तोंडही लावलं नव्हतं, पण त्यावरून चार-पाच जणांची वरात गेली होती. खुरांचे ठसे ओल्या मातीत इतके स्वच्छ की वर्गात नेऊन दाखवावेत.

वर्ग म्हणायची सवय जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावात मी 'बाई'च आहे. गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगावरचं. घरामागे 33 फूट रुंद आणि 66 फूट खोल अशी जागा आहे. 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा, हे पोरांना पाठ करून घेण्यात माझी उमर गेली. त्या हिशेबाने माझी बाग बरोबर दोन गुंठ्यांची. वांगी, टोमॅटो, मिरची, दोडक्याचा मांडव, दोन पपया, एक लिंबोणी, एक शेवगा, आणि कडेला चार सीताफळं. आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वानरांना त्याची खबर आपल्या आधीपासून असावी.

रताळी गेली त्याच दिवशी मी ठरवलं की आता कुंपण. त्या कुंपणाने मला जे शिकवलं ते बी.एड.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हा लेख.

आमच्या लहानपणी कुंपण विकत आणायची वस्तू नव्हती. फाल्गुनात बाभळीच्या, बोरीच्या काट्या तोडायच्या, बैलगाडीत रचून आणायच्या आणि बेचक्याने दाबून कडेने लावायच्या. पावसाळ्यापर्यंत त्या टिकायच्या, नंतर चुलीत जायच्या. शेतात ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी पेरायच्या. करडई वाळत आली की तिचे काटे असे होतात की गुरं आत शिरायला धजत नाहीत. तेल मिळायचं ते वेगळं. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून बांधावर सीताफळ. शिवाय घरातलं एक माणूस माळ्यावर असायचं. हातात गोफण, जवळ पत्र्याचा डबा. त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. खरं कुंपण ती जागल होती. काट्या फक्त तिला थोडा वेळ मिळवून द्यायच्या.

आता जागल कोण करणार? दसरा-दिवाळी झाली की आमच्या आळीतली निम्मी घरं कुलपात जातात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रक दारात लागतो, त्यात भांडी, लेकरं, शेळी, सगळं चढतं आणि कोयता निघतो पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारांचा आकडा लाखांच्या घरात आहे. परत येणं पाडव्याच्या आगेमागे. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात उरतात ते म्हातारे, शाळेसाठी मागे ठेवलेली लेकरं आणि माझ्यासारखे पेन्शनवाले. रब्बीचा हरभरा, भाजी, रताळी उभी असतात ती नेमकी याच महिन्यांत. वनखात्याच्या कागदावर मानव-वन्यजीव संघर्ष असा मोठा शब्द असतो. आमच्या गावात त्या संघर्षात माणूस हजरच नसतो. जनावर येतं, बघतं, कुणी ओरडत नाही, ते खाऊन जातं. दुसऱ्या दिवशी जरा लवकर येतं.

त्यात 2020 च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. 18 डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली तोवर आमच्याकडे अंधार पडल्यावर कुणी ओसरीच्या खाली उतरत नव्हतं. बिबट्या गेला, पण तेव्हा मोडलेली जागलीची सवय परत आली नाही.

तर कुंपण. पहिली चूक मी सगळे करतात तीच केली, काटेरी तार आणली. सिमेंटचे खांब, चार पदर, तार ताणून. दिसायला झकास. गावातल्या एकाने विचारलंसुद्धा, ''बाई, लष्करात भरती झालात का?'' डुकराने त्या तारेकडे बघितलंही नसेल. त्याची नजर तशीही अधू, सगळा कारभार नाकावर. ते मुसकट खाली घालून चालतं. जमिनीपासून पहिला पदर एक फुटावर होता. त्याखालून मान घातली, पाठीने तार उचलली, आत. पाठीवरचे केस तेवढे तारेला राहिले. मी ते काढून कागदात ठेवले आहेत. का ठेवले ते विचारू नका.

तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला, की मला नेमकं कुणाला अडवायचं आहे. 'जंगली जनावर' नावाचं एक जनावर नसतं. डुक्कर खालून येतं. ससा फटीतून येतो आणि मुगाचं कोवळं रोप कात्रीने छाटल्यासारखं नेतो. सायाळ रात्री येते आणि उकरते. मोर उडून येतो. हरणं आणि काळविटं शेतात भरपूर, पण घरांच्या इतक्या जवळ ती येत नाहीत. काटेरी तारेत अडकून फाटलेलं हरीण मात्र शिवारात पाहिलं आहे, तेव्हापासून त्या तारेवरचं माझं मन उडालं होतंच. वानर कुठूनही येतं. एका कुंपणाने हे सगळे अडत नाहीत. जो दुकानदार सगळे अडतील म्हणतो, तो त्याची तार विकतो आहे.

काटेरी तार काढली आणि जाळी बसवली. साखळी जाळी, पाच फूट उंच. ती एक फूट जमिनीत पुरायची असं सगळे सांगतात. सांगणारे काळ्या जमिनीचे. आमच्याकडे अर्ध्या फुटावर मुरूम लागतो आणि पहार वाजते. मग गावातल्या गवंड्याने युक्ती सांगितली. जाळी पुरायची नाही, खालचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरायचा आणि त्यावर दगड रचायचे. दगडांची आपल्याकडे काय वाण! डुक्कर नाकाने कुंपणाच्या बुडाशी उकरायला येतं तेव्हा ते त्याच आडव्या जाळीवर उभं असतं. आपण ज्यावर उभे आहोत तेच उचलायचं आहे, हे त्याला उमगत नाही. खालच्या कडेला एक जाड तार ताणून बांधली, नाहीतर जाळी ढिली पडून पोट काढते आणि त्या पोटातून ते शिरतं. ससेही बंद झाले, कारण खालच्या दोन फुटांना बारीक कोंबडजाळी वेगळी लावली. घराची भिंत एका बाजूला आहेच, म्हणून तीन बाजू धरायच्या होत्या. 66 अधिक 33 अधिक 66, एकूण 165 फूट. मजुरीसकट पेन्शनच्या एका महिन्याला चांगली कात्री लागली.

आठ दिवस शांत गेले. नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या आत्याबाई आल्या. त्या सत्तरीच्या. लेक, सून आणि मोठा नातू कोयत्यावर, धाकटी नात त्यांच्याजवळ, सातवीला. त्यांची परसबाग माझ्या बागेला लागूनच, तितकीच मोठी. त्यांच्या कडेला बाभळीच्या दोन-चार वाळल्या फांद्या तेवढ्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, ''बाई, तुमी तार लावली ते चांगलं केलं. पण डुकरं आता आमच्याकं वळली. समदा भुईमूग उकरला. मी काई म्हणत नाई, सांगायला आले.''

त्या काही म्हणत नव्हत्या हेच मला जास्त लागलं.

जाऊन पाहिलं. माझ्या नव्या जाळीच्या कडेकडेने डुकरांची वाट पडली होती. जाळीला नाक लावत लावत ती पुढे सरकली होती आणि जिथे जाळी संपली तिथे उजवीकडे वळली होती. मी 165 फूट जाळी लावून डुक्कर अडवलं नव्हतं. त्याला शेजारणीच्या दारापर्यंत वाट दाखवली होती. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो. माझ्या कुंपणाने शेजाऱ्याचं खाल्लं. त्या घरी माझ्यासारखी पेन्शन नव्हती, पाडव्यापर्यंत हातात पैसा नव्हता, आणि भुईमूग नातीच्या डब्यातल्या चटणीचा होता.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. वन्यप्राण्यांपासून बाग वाचवायची सगळी चर्चा आपण 'माझी बाग, माझं कुंपण' अशी करतो. डुकराला पोट आहे. एका घराने कुंपण घातलं तर ते उपाशी परत जात नाही, बिनकुंपणाच्या घरी जातं, आणि बिनकुंपणाचं घर हे बहुतेक वेळा बिनपैशाचं घर असतं. म्हणजे ज्याला ऐपत आहे तो आपलं नुकसान ज्याला ऐपत नाही त्याच्याकडे ढकलतो, तेही सरळ मनाने, कुणाचं वाईट न चिंतता. मीही तेच केलं होतं.

त्या संध्याकाळी फळ्यावर शिकवायचे तशी आकृती काढली. माझी बाग 33 बाय 66. आत्याबाईंची तेवढीच, लागून. त्यांनी वेगळं कुंपण घातलं तर त्यांनाही 165 फूट लागणार, दोघींचं मिळून 330. पण आमच्या दोघींच्या मधली 66 फुटांची जाळी काढली आणि त्यांच्या पलीकडच्या कडेला नेऊन लावली तर? मागची बाजू 33 ची 66 होते. बाजूच्या दोन 66 तशाच. एकूण 198. माझ्याकडे 165 होती. म्हणजे आत्याबाईंची अख्खी बाग आत घ्यायला मला नवी जाळी किती लागणार? 33 फूट. फक्त 33 फूट. तीस वर्षं परिमितीची गणितं फळ्यावर सोडवली आणि घरामागे हे दिसायला डुक्कर यावं लागलं.

चार दिवसांत ते झालं. मधली जाळी निघाली. आत्याबाईंनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मग त्यांनी रोज संध्याकाळी दोन्ही बागांना पाणी घालायचं काम अंगावर घेतलं आणि आजतागायत सोडलेलं नाही. फाटक एकच, दोन घरांमधल्या बोळीत, पत्र्याचं. किल्ली त्यांच्याकडे, कारण मी किल्ल्या हरवते.

डुकरांचं सांगितलं. वानरांचं सांगताना मला इतका विश्वास वाटत नाही. त्यांच्यापुढे मी हरले आहे.

माजलगाव तालुक्यातल्या लऊळची गोष्ट 2021 च्या डिसेंबरात जगभर गाजली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. अडीचशे कुत्री मारली असा आकडा फिरला. तो कुणी मोजला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. परदेशातल्या वर्तमानपत्रांनी त्याचं टोळीयुद्ध केलं, इकडे मोबाइलवर विनोदांचा पूर आला. शेवटी नागपूरहून पथक आलं आणि दोन वानरं पकडून नेली. बीडचं नाव जगात गेलं ते असं. पण ज्या गावात वानरं इतकी धीट होतात त्या गावातल्या बाईच्या परसात काय उरत असेल, हे त्या बातम्यांत कुठे आलं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर 32 एकर जमीन कागदोपत्री वानरांच्या नावावर आहे. 2022 मध्ये ती बातमी आली तेव्हा आमच्या आळीतला एक जण म्हणाला, ''आपल्याकडं सातबारा नसताना वहिवाट आहे.''

वानराला जाळीची उंची कळत नाही, कारण ते जाळीवरून येतच नाही. ते पत्र्यावरून, लिंबाच्या फांदीवरून, शेवग्यावरून येतं. मी घरापासून आणि कुंपणापासून पंधरा फुटांच्या आतल्या फांद्या छाटल्या. थोडा फरक पडला. पपईच्या फळांना जुन्या साडीचे तुकडे गुंडाळले, ती आठवडाभर वाचली. मग त्यांना साडी सोडता यायला लागली. शनिवारी मारुतीला नारळ फोडणारी आमची माणसं वानराला दगड मारताना हात आवरता घेतात, आणि वानरांना बहुधा शनिवार कळतो. काही तरुण पाइपमध्ये कार्बाइड भरून तोफ उडवतात. त्या नळीत डोकावू नका, लेकरांना देऊ नका. दोन आण्याच्या टोमॅटोसाठी डोळा जायचा.

वानरांपुढे चालतं ते एकच, वरून झाकणं. म्हणजे बागेचा एक तुकडा पिंजऱ्यासारखा वरूनसुद्धा जाळीने बंद करायचा आणि वानराला आवडतं ते सगळं त्यात लावायचं. टोमॅटो, मिरची, भेंडी आत. लिंबू, शेवगा, कढीपत्ता, हळद, लसूण बाहेर, त्यांना सहसा धोका नाही. सीताफळं आम्ही निम्मी-निम्मी करतो. निम्मी त्यांची, उरलेल्यातली निम्मी पाखरांची.

झाकायला मी आधी नायलॉनची स्वस्त जाळी आणली होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी, मोरांसाठी आणि वानरांसाठी एकच. आमच्या तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, 1994 पासून, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. मोर म्हटलं की पाहुण्यांना पिसारा आठवतो, आम्हाला उगवतीला टिपलेली ज्वारी आणि चोच मारलेले टोमॅटो. मोर त्या जाळीपाशी थबकायचा हे खरं. पण वैशाखात एका दुपारी जाळीच्या खालच्या घडीत धामण अडकलेली दिसली. सहा फुटांची असेल. धडपडून धडपडून दोरा तिच्या अंगात रुतला होता. धामण म्हणजे उंदरांचा काळ, माझ्या बागेची बिनपगारी राखणदार. सर्पमित्राला फोन केला, तो पाऊण तासाने मोटारसायकलवर आला. तोवर मी आणि आत्याबाईंची नात तिच्यावर ओलं गोणपाट धरून बसलो. त्याने एकेक दोरा कात्रीने कापला. दोन ठिकाणी कातडी सोलली होती. म्हणाला, ही जाळी टाकून द्या बाई, महिन्याला दोन-तीन साप मी असल्या जाळ्यांतून काढतो, बहुतेक मेलेले. तो तिला घेऊन गेला. आमच्या शेजारी शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी नावाचं जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे, म्हणून असल्या वेळी आपण अगदीच उघड्यावर नाही असं वाटतं. ती नायलॉनची जाळी मी त्याच दिवशी गुंडाळून ठेवली. आता वर लोखंडी तारेची, ताठ, अर्ध्या इंचाची जाळी आहे. महाग पडली. पण ताठ जाळीत साप अडकत नाही, एकतर पार होतो किंवा परत फिरतो.

अजून एक बोलायला हवं, ते कटू आहे. झटका मशीन आणि करंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोक तो मुद्दाम विसरतात. झटका मशीन बॅटरीवर चालतं, बॅटरी सोलरवर. तारेत सेकंदाला साधारण एकदा, निमिषमात्र, मोठ्या दाबाचा पण अगदी अल्प प्रवाहाचा ठोका जातो. जनावर दचकतं आणि मागे फिरतं, कारण दोन ठोक्यांच्या मध्ये सुटायला वेळ असतो. खांबावर आकडा टाकून जी तार जोडतात तिच्यात वीज सतत वाहते. ती धरलेला हात सोडत नाही. दरवर्षी महाराष्ट्रात कुठे ना कुठे अशा तारेला चिकटून शेतकरी मरतो, त्याचा मुलगा मरतो, पहाटे वाट चुकलेला शेजारी मरतो. तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो आणि दोन घरं बुडतात. आमच्या गावात असं लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे आणि लावणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले आहे, तार निघेपर्यंत. तो माझा विद्यार्थी होता, म्हणून निघाली. लेकरं, म्हातारी माणसं फिरतात त्या परसात तर मी झटका मशीनसुद्धा सुचवणार नाही. शेताला ठीक आहे, खालचा पदर जमिनीपासून वीतभर आणि गवत तारेला टेकू न देता. नाहीतर सगळा झटका गवतातून जमिनीत जातो आणि तार नुसती शोभेची राहते.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के, कमाल 15 हजार रुपयांचं अनुदान आहे. 2015 च्या जुलैमध्ये पिकं खाणारी रानडुकरं आणि रोही मारायला परवानगीची वाट काढून दिली. परवाना मिळाला तरी बंदूक कुणाकडे आहे आणि रात्री बसायला माणूस कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. 2023 मध्ये वन्यप्राण्यांच्या नुकसानीच्या भरपाईचा वेगळा कायदाही झाला. पण या सगळ्याचा चेहरा शेताकडे आहे, सातबाऱ्याकडे आहे. गावठाणातल्या परसाला सातबारा नसतो. बारा वांग्यांचा आणि एका भुईमुगाच्या वाफ्याचा पंचनामा करायला कुणी येत नाही, आणि कुणी यावं असं मीही म्हणणार नाही, येण्याचं पेट्रोल जास्त होईल.

दुसऱ्या बाजूला 'उमेद'च्या बचत गटांतून 'माझी पोषण परसबाग' चालते, शाळांत परसबागा होतात. उत्तम गोष्ट आहे. मी स्वतः शाळेत परसबाग केली, पोरांनी स्वतः लावलेली मेथी खिचडीत पडली की ताट चाटून पुसून व्हायचं. गोल वाफे कसे आखायचे, सात दिवसांच्या सात भाज्या कशा लावायच्या, हे सगळं बायांना शिकवतात. प्रशिक्षणात कुंपणाचं नाव निघतं ते 'स्थानिक साहित्य वापरून करावे' एवढ्याच ओळीत. स्थानिक साहित्य म्हणजे बाभळीच्या काट्या, आणि त्या तोडून आणणारा गडी सांगलीला ऊस तोडतो आहे.

माझी मागणी साधी आहे आणि ती हिशेबाची आहे. परसबागेला कुंपण द्यायचं तर घरटी देऊ नका, आळीला द्या. आमच्या ओळीत सहा घरं आहेत, सगळ्यांच्या मागे अशीच 33 बाय 66 ची जागा. प्रत्येकाने वेगळी जाळी लावली तर 165 गुणिले सहा, 990 फूट. सहा घरांना मिळून एकच कुंपण घातलं तर मागची बाजू 198 आणि दोन कडा 66-66, एकूण 330 फूट. घरटी 55 फूट. तिसरा हिस्सा खर्च, आणि डुकराला वळायला उजवी बाजूच उरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घराची बाग कुलपात असली तरी तिच्याकडे पाहायला उरलेल्या घरांतले डोळे असतात. जागल एकट्याने होत नाही म्हणून मोडली. सहा घरांत मिळून दोन म्हातारी माणसं जागी असली तरी पुरतं. अनुदानाचा अर्ज एका नावाने भरायचा असतो ही अडचण खरी, पण ती बदलता येते. डुकराचं नाक बदलता येत नाही.

यावर कुणी विचारेल की आळीला कुंपण घातलं तर डुक्कर दुसऱ्या आळीला जाईल, तेव्हा काय? खरं आहे. दुसऱ्या आळीलाही घाला, आणि तिच्या पलीकडे गायरानात पाणवठा आणि बोरी-बाभळी राहू द्या, म्हणजे त्याला परत फिरायला काही कारण उरेल. वेड्या बाभळीने भरलेल्या आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरड्या रानातून कुठलंही जनावर गावातच येणार. त्यावर वेगळा लेख होईल, आणि तो लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते आहेत.

आत्याबाईंचा लेक पाडव्याला परत आला तेव्हा त्याने कुंपण पाहिलं, मधली जाळी कुठे गेली ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता फाटकाची बिजागरी बदलून दिली. यंदा दसऱ्यानंतर तो पुन्हा गेला. गेल्या आठवड्यात डुकरांची नवी वाट मला आत्याबाईंच्या नातीनेच दाखवली. आमच्या जाळीच्या शेवटच्या खांबाला वळसा घालून ती शाळेच्या मागे गेली होती. मुळ्याचे दोन वाफे गेले होते. आता ती आठवीला आहे. मी तिला टेप आणायला पाठवलं. शाळेची बाग तिने मोजली, 40 बाय 60, एका बाजूला शाळेची 40 फुटांची भिंत. वहीत आकृती काढली, आणि मला विचारलं की मागच्या बाजूला लागून जे घर कुलपात आहे, ते आत धरायचं की बाहेर.